जुना ॲम्प्लिफायर, नवा ब्लूटूथ रिसीव्हर: तीन उपकरणांची पारख

ज्या घरात वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचा चांगला स्टिरिओ ॲम्प्लिफायर आणि लाकडी खोक्यांचे स्पीकर अजून सुस्थितीत आहेत, परंतु कॅसेट डेकचे पट्टे सैल पडले आहेत आणि सीडी प्लेअरची लेन्स तबकडी वाचेनाशी झाली आहे, त्या घराने ब्लूटूथ रिसीव्हर, म्हणजे मोबाइलवरचे गाणे बिनतारी घेऊन ॲम्प्लिफायरला देणारे छोटे उपकरण, जरूर घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. गाणी आता मोबाइलवर आली आहेत आणि ती नीट ऐकवू शकणारी यंत्रणा मात्र मांडणीवर नुसती बसून आहे. पुण्यातल्या पेठांमध्ये, कोथरूड-एरंडवण्यातल्या जुन्या सोसायट्यांमध्ये सोनोडाइन, कॉस्मिक, फिलिप्स अशा नावांचे संच अजूनही अनेकांच्या दिवाणखान्यात आहेत. त्यांच्या मालकांना घरातली तरुण मंडळी 'हे काढून टाका, एक छोटा ब्लूटूथ स्पीकर घेऊ' असे सुचवतात, तेव्हा मला मनापासून वाईट वाटते. आठ इंची वूफर जेवढी हवा हलवतो तेवढी हवा दोन इंची पडदा कधीच हलवू शकत नाही, आणि म्हणून तबल्याच्या डग्ग्याची घुमक किंवा तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेचे भरलेपण त्या छोट्या डबीतून नुसते सूचित होते, प्रत्यक्ष ऐकू येत नाही.

शिफारस अशी ठाम असली, तरी ती बाजारातल्या प्रत्येक रिसीव्हरला लागू नाही. गेल्या काही वर्षांत मी तीन निरनिराळ्या दर्जाचे रिसीव्हर एकाच ॲम्प्लिफायरला, त्याच स्पीकरवर, बहुतांशी हिंदुस्थानी शास्त्रीय संगीत लावून सावकाश ऐकले. त्यातून एक गोष्ट पक्की झाली: खोक्यावर छापलेली कोडेकची, म्हणजे गाणे दाबून पाठवण्याच्या आणि पुन्हा उलगडण्याच्या पद्धतींची, नावे आणि ब्लूटूथच्या आवृत्तीचा आकडा यांपेक्षा, गाणे अगदी हळू असताना किंवा थांबलेले असताना तो रिसीव्हर किती शांत राहतो, याला महत्त्व फार अधिक आहे. ख्यालाची सुरुवात हळुवार आलापीने होते. तिथे जर मागे सतत 'सूं' ऐकू येत असेल, तर पुढच्या द्रुत बंदिशीत आवाज कितीही स्वच्छ वाटला तरी त्या उपकरणाचा उपयोग नाही.

आधी हे काम कसे चालते ते थोडक्यात पाहू, कारण पुढचे सगळे गुणदोष त्यातूनच येतात. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात चालते. या पट्ट्यातल्या ७९ वाहिन्यांवरून संदेश सेकंदाला १६०० वेळा उड्या मारत जातो आणि जिथे अडथळा दिसतो त्या वाहिन्या टाळतो. स्टिरिओ संगीत पाठवण्यासाठी एटूडीपी नावाची ठरलेली पद्धत आहे आणि तिच्यात एसबीसी हा कोडेक सक्तीचा आहे, म्हणजे कोणताही फोन आणि कोणताही रिसीव्हर निदान एवढ्या एका भाषेत तरी एकमेकांशी बोलू शकतात. सीडीवरच्या संगीताचा वेग सेकंदाला १४११ किलोबिट असतो. एसबीसी आपल्या नेहमीच्या वरच्या दर्जात ते सुमारे ३२८ किलोबिटांत बसवतो. शिवाय ॲपवरून येणारे गाणे मुळात एकदा दाबलेले असते. फोन ते उलगडतो, त्यात सूचनांचे 'टिंग' वगैरे मिसळतो आणि पुन्हा नव्याने दाबून रिसीव्हरकडे पाठवतो. रिसीव्हर ते दुसऱ्यांदा उलगडून त्याचे ॲम्प्लिफायरला कळणाऱ्या विद्युतसंकेतात रूपांतर करतो. शेवटचे हे रूपांतर आणि त्यासाठी लागणारी स्वच्छ वीज, या दोन ठिकाणी स्वस्त आणि चांगल्या उपकरणात खरा फरक पडतो.

जोडणीबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण पुष्कळांचा उत्साह इथेच मावळतो. ॲम्प्लिफायरच्या पाठीमागे 'ऑक्स', 'ट्यूनर', 'टेप' किंवा 'सीडी' असे लिहिलेल्या कोणत्याही जागी रिसीव्हर जोडता येतो. या सगळ्या जागा विजेच्या दृष्टीने जवळपास सारख्याच आहेत. 'फोनो' या जागेला मात्र तो कधीही जोडू नये. ती जागा रेकॉर्ड प्लेअरच्या सुईकडून येणाऱ्या अतिशय क्षीण संकेतासाठी असते. तिथे संकेत कित्येक पटींनी वाढवला जातो, शिवाय रेकॉर्ड कापताना कमी केलेला खर्ज तिथे मुद्दाम उचलला जातो. परिणामी रिसीव्हरचा आवाज तिथून फाटका आणि बोजड येतो. ज्यांच्याकडे लाल-पांढरे गोल आरसीए सॉकेट आहेत त्यांचे काम एका साध्या केबलने होते. ज्यांच्याकडे जुन्या पद्धतीचे पाच पिनांचे डिन सॉकेट आहे, त्यांना डिन ते आरसीए केबल लागेल.

ही केबल पुण्याच्या बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या गल्लीत, मिळते, आणि ती घेताना एक बारकावा लक्षात ठेवावा लागतो. टेपच्या डिन सॉकेटमध्ये १ आणि ४ या पिना ॲम्प्लिफायरकडून टेपकडे, म्हणजे ध्वनिमुद्रणासाठी, संकेत पाठवतात; ३ आणि ५ या पिना टेपकडून येणारा संकेत आत घेतात; मधली २ ही अर्थिंगची. तयार केबलांपैकी काही १ आणि ४ वर जोडलेल्या असतात, आणि अशी केबल लावली की सगळे दिवे लागतात, फोन 'जोडले गेले' असे दाखवतो, परंतु स्पीकरमधून चकार शब्द येत नाही. तपकीर गल्लीतल्या ज्या दुकानदाराकडून मी केबल घेतली त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "काका, तुम्हाला गाणं आत घ्यायचंय की बाहेर काढायचंय?" आणि मी आत घ्यायचे म्हटल्यावर दोन तयार केबला बाजूला सारून, मीटरची टोके लावून, ३ आणि ५ वर आवाज देणारी तिसरी केबल शोधून हातात ठेवली. नेमके कुठे काय जोडलेले आहे हे मीटर लावून दाखवणारा विक्रेता ऑनलाइन खरेदीत मिळत नाही, आणि अशा वस्तूंसाठी मी अजूनही मंडईच्या बाजूची ती गर्दी सहन करून गल्लीत जाणे पसंत करतो.

आता उपकरणांकडे वळतो. पहिला रिसीव्हर बिननावाचा, यूएसबीच्या टोकाचा आणि अंगठ्याएवढा होता. त्याची किंमत एका साध्या जेवणाएवढी, त्यामुळे अपेक्षा बेताचीच ठेवली होती. तो फोनशी चटकन जोडला गेला आणि मराठी भावगीते, जुनी चित्रपटगीते अशा मध्यम उंचीच्या संगीतात त्याने निराशा केली नाही. अडचणी सुरू झाल्या त्या आलापीपासून. आवाजाची खुंटी मी नेहमी ठेवतो त्या जागी आणल्यावर गाण्यामागे बारीक खरखर सतत ऐकू येत होती आणि फोनचा पडदा उजळला की त्या खरखरीचा सूर बदलत होता. ध्वनिमुद्रण संपताना तार षड्ज हळूहळू विरत जातो, शेवटच्या क्षणी तानपुरा तेवढा उरतो आणि तोही विझत जातो. नेमक्या त्या जागी हे उपकरण संकेत क्षीण झाला म्हणून स्वतःचा आवाज बंद करून टाकत असे आणि स्पीकरमधून 'टक्' असा ठोका येई. पुढचे गाणे सुरू होताना पहिला अर्धा सेकंद गिळला जाई, तो वेगळाच. बडा ख्याल ऐकणाऱ्याला तानपुऱ्याच्या पहिल्या झंकारापासून मैफलीत बसायचे असते, आणि तो झंकारच जर कापला गेला तर ऐकण्याची घडी सुरुवातीलाच विस्कटते.

याच उपकरणात आणखी दोन खोडी होत्या आणि त्या या वर्गातल्या बहुतेक वस्तूंमध्ये आढळतात. फोन जोडला गेला की ते एका यांत्रिक स्त्रीस्वरात इंग्रजीतून तशी घोषणा करते, आणि ही घोषणा फोनवरच्या आवाजाच्या पातळीला जुमानत नाही. ॲम्प्लिफायरची खुंटी वर असेल तर ती घोषणा सगळ्या मजल्याला ऐकू जाते. दुसरी खोड अधिक गंभीर आहे. नवा फोन जोडताना ते कोणताही सांकेतिक क्रमांक विचारत नाही, कोणतेही बटण दाबावे लागत नाही, आणि आपला फोन जोडलेला नसेल तेव्हा ते सतत सर्वांना दिसत राहते. सोसायटीत भिंतीला भिंत लागून असते. शेजारच्या घरातल्या एखाद्या मुलाने आपला नवा हेडफोन शोधताना चुकून याच्यावर बोट ठेवले, तर त्याचे गाणे आपल्या दिवाणखान्यात सुरू होते. त्यात त्या मुलाचा काही दोष नाही. उपकरणाने दार उघडे ठेवलेले असते.

गुणगुण आणि खरखर यांविषयी स्वतंत्रपणे लिहिणे आवश्यक आहे, कारण कित्येक जण तेवढ्यावरून ब्लूटूथलाच बाद ठरवतात. हा दोष बहुधा ब्लूटूथचा नसून विजेचा असतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची. तिच्यामुळे येणारी गुणगुण जाड आणि एकसुरी असते. ॲम्प्लिफायर, टीव्ही, केबलचा डबा आणि रिसीव्हर एकमेकांना तारांनी जोडलेले असले आणि प्रत्येकाला अर्थिंगची वेगळी वाट मिळाली, की त्या वाटांमधून फिरणारा प्रवाह स्पीकरमध्ये गुणगुण होऊन उतरतो. मोबाइलचा हलका चार्जर रिसीव्हरला लावला असेल, तर त्याच्या आतल्या वेगवान स्विचिंगची बारीक किरकिर त्यात मिसळते. दोष कुणाचा हे ओळखण्याची सोपी रीत आहे: रिसीव्हरला काही मिनिटे चार्जरऐवजी पॉवर बँकेवर चालवावे. किरकिर गेली तर चार्जर बदलावा. राहिली तर केबल किंवा खुद्द ॲम्प्लिफायर तपासावा. पॉवर बँक कायमचा उपाय म्हणून वापरता येत नाही, कारण रिसीव्हर इतका थोडा प्रवाह ओढतो की अनेक पॉवर बँका काही जोडलेलेच नाही असे समजून थोड्या वेळाने आपोआप बंद होतात. अर्थिंगच्या गुणगुणीसाठी ग्राउंड लूप आयसोलेटर नावाची लहानशी डबी मिळते. तिच्यात दोन छोटे ट्रान्सफॉर्मर असतात, ते तारांचा थेट संबंध तोडून फक्त संकेत पलीकडे नेतात. ही डबी माझ्याकडे परिणामकारक ठरली. मात्र स्वस्त आयसोलेटरमध्ये अगदी खालचा खर्ज किंचित सौम्य होतो, तेव्हा गुणगुण नसेल तर ती उगाच मध्ये घालू नये.

दुसरा रिसीव्हर लॉजिटेकचा ब्लूटूथ ऑडिओ रिसीव्हर. काळी, चपटी, तळहातावर राहील एवढी डबी. भिंतीवरच्या प्लगमधून वीज घेते. मागे आरसीए आणि ३.५ मिलिमीटर अशी दोन्ही सॉकेट आहेत. हिच्यात दाखवण्यासारखे फार काही नाही, आणि हाच तिचा गुण मला सर्वांत मोठा वाटतो. बटण दाबल्याशिवाय ती नवा फोन स्वीकारत नाही. दोन उपकरणे ती एकाच वेळी जोडून ठेवते, म्हणजे पत्नीचा फोन आणि माझा टॅब दोन्ही जोडलेले राहतात आणि एकावरचे गाणे थांबवून दुसऱ्यावरचे लावले की आवाज बदलतो. दर वेळी जोडणी तोडण्याची, पुन्हा करण्याची कटकट उरत नाही. आलापीच्या वेळी माझ्या स्पीकरजवळ कान नेल्याशिवाय तिचा स्वतःचा आवाज जाणवला नाही. घरात ज्येष्ठ मंडळी असतील आणि त्यांना 'फोन उघडा, गाणे लावा' याच्या पलीकडे काही करायला लागू नये अशी इच्छा असेल, तर मी याच वर्गातले साधे, बटणाचे, स्वतःच्या प्लगचे उपकरण सुचवेन. संकेत डिजिटल स्वरूपात पुढे देण्याची सोय तिच्यात नाही. ज्यांच्याकडे जुना ॲम्प्लिफायर आहे त्यांना त्या सोयीची गरजही नसते.

तिसरा होता फियोचा बीटीए३० प्रो. पहिल्या उपकरणाच्या कित्येक पट किंमत, समोर आवाजाची गोल खुंटी आणि मोड बदलण्याचा स्विच. तो संगीत स्वीकारतो तसेच पाठवूही शकतो, म्हणजे टीव्हीचा आवाज बिनतारी हेडफोनला देण्यासाठी उलट्या दिशेनेही वापरता येतो. आरसीएखेरीज ऑप्टिकल आणि कोअक्सियल ही डिजिटल सॉकेट त्याला आहेत, त्यामुळे कुणाकडे वेगळा चांगला डॅक, म्हणजे डिजिटल संकेताचे ॲम्प्लिफायरला कळणाऱ्या संकेतात रूपांतर करणारे उपकरण, असेल तर संकेताचे शेवटचे रूपांतर त्याच्यावर सोपवता येते. आणि तो एलडॅक हा कोडेक स्वीकारतो. सोनीने २०१५ मध्ये आणलेला हा कोडेक सेकंदाला ९९०, ६६० किंवा ३३० किलोबिटांवर चालतो. २०१७ मध्ये आलेल्या अँड्रॉइडच्या आठव्या आवृत्तीपासून तो अँड्रॉइडमध्येच समाविष्ट झाला, त्यामुळे त्यासाठी सोनीचाच फोन असावा लागत नाही.

हा फरक ऐकू येतो का, हा सर्वांचा प्रश्न असतो, आणि त्याचे उत्तर देण्यासाठी तानपुऱ्यासारखे साधन नाही. तानपुऱ्याची जवारी लागली की एका तारेतून मूळ स्वराबरोबर त्याच्या वरचे अनेक क्षीण स्वर उमटतात आणि ते एकामागून एक उमलत, सरकत जातात. एसबीसी आवाजाचे आठ पट्टे पाडतो आणि उपलब्ध बिट त्या पट्ट्यांत वाटतो. वरच्या पट्ट्यांतल्या क्षीण नादाच्या वाट्याला कमी बिट येतात. दिवाणखान्यात सगळे पंखे बंद करून, रात्री उशिरा, त्याच ध्वनिमुद्रणाची तीच दोन मिनिटे आधी एसबीसीवर आणि मग एलडॅकच्या ९९० वर ऐकली, तेव्हा वरच्या नादांचे ते उमलणे दुसऱ्या वेळी अधिक सलग वाटले; पहिल्या वेळी त्याच्या कडा किंचित खरबरीत होत्या. गायकाच्या आवाजात, सारंगीत, हार्मोनियममध्ये मला फरक सांगता आला नाही. पंखा सुरू केल्यावर तानपुऱ्यातलाही सांगता आला नाही. पहिल्या आणि दुसऱ्या उपकरणातला फरक मात्र पंखा, पाऊस आणि रस्त्यावरची रहदारी असे सगळे चालू असतानाही ऐकू येत होता. म्हणून ज्यांचे अंदाजपत्रक मर्यादित आहे त्यांनी एलडॅकच्या मागे न लागता दुसऱ्या वर्गापाशी थांबावे, हे मी पूर्ण विचारान्ती सांगतो. ज्यांच्याकडे उत्तम स्पीकर आहेत, शांत खोली आहे आणि जे रात्री एकटे बसून ऐकतात, त्यांना तिसऱ्यावर केलेला खर्च सार्थकी लागेल.

इथे फोनचाही विचार करावा लागतो. आयफोन एसबीसी आणि एएसी या दोनच कोडेकवर ब्लूटूथचे संगीत पाठवतो. एलडॅक किंवा ॲपटीएक्स हा आणखी एक कोडेक त्याच्यावर नाही. त्यामुळे आयफोन वापरणाऱ्याने एलडॅकसाठी म्हणून जादा पैसे मोजणे व्यर्थ आहे. त्याने रिसीव्हर एएसी स्वीकारतो की नाही एवढे पाहावे. अँड्रॉइड फोनवर एलडॅक असला तरी तो सुरू असेलच असे नाही. ब्लूटूथच्या यादीत रिसीव्हरच्या नावाशेजारी असलेल्या चक्राच्या खुणेवर बोट ठेवल्यास एचडी ऑडिओचा पर्याय दिसतो, तो चालू करावा लागतो. तेवढ्याने भागत नसेल तर फोनच्या माहितीतल्या 'बिल्ड नंबर'वर सात वेळा टिचकी मारल्यावर उघडणाऱ्या डेव्हलपर पर्यायांत प्रत्यक्ष कोणता कोडेक आणि किती वेग चालू आहे ते पाहता आणि ठरवता येते. मूळ मांडणीत फोन संकेत कमजोर झाला की वेग स्वतःहून उतरवतो, आणि ९९० वर अडून बसायला लावले तर भिंतीपलीकडे गेल्यावर आवाज तुटू लागतो. फिरत ऐकणाऱ्याने ६६० वर समाधान मानावे.

आवाजाची पातळी कुठे ठेवावी, याबद्दल बरेच गैरसमज दिसतात. फोनचा आवाज निम्म्यावर ठेवून ॲम्प्लिफायरची खुंटी वाढवली, तर संगीताबरोबर रिसीव्हरची स्वतःची खरखरही वाढते. फोनचा आवाज जवळपास पूर्ण ठेवावा, फाटल्यासारखा वाटला तर एक-दोन घरे खाली घ्यावा, आणि मग रोजचा कमीजास्तपणा ॲम्प्लिफायरच्या खुंटीनेच करावा. गाणे लावताना फोनवरच्या संदेशांच्या सूचना बंद ठेवाव्यात, हेही जाताजाता सांगतो. मारव्याच्या कोमल ऋषभावर संदेशाची घंटी वाजली की पुढची पाच मिनिटे मन ठिकाणावर येत नाही.

पल्ल्याची काळजी साधारण घरात करावी लागत नाही. उघड्यावर दहा मीटर जाणारा संकेत आरसीसीच्या एका भिंतीतून बहुधा पार होतो, दोन भिंतींतून अडखळतो. राउटर २.४ गिगाहर्ट्‌झवर असेल आणि रिसीव्हर त्याला चिकटून ठेवला असेल तर आवाज मधूनच तुटतो. राउटर ५ गिगाहर्ट्‌झवर न्यावा किंवा दोघांत थोडे अंतर ठेवावे. मायक्रोवेव्ह ओव्हन याच पट्ट्यात चालत असल्याने स्वयंपाकघरालगतच्या भिंतीशीही रिसीव्हर ठेवू नये. धातूच्या मांडणीच्या आत, ॲम्प्लिफायरच्या पाठीमागे कोंबलेल्या रिसीव्हरचा पल्ला निम्म्यावर येतो, तेव्हा केबल मीटरभर लांब घेऊन तो वर, मोकळ्यावर ठेवणे उत्तम.

ब्लूटूथमुळे आवाज उशिरा पोहोचतो, आणि हा उशीर एसबीसीवर साधारण दीडशे-दोनशे मिलिसेकंदांचा, एलडॅकवर त्याहूनही जास्त असू शकतो. नुसते ऐकणाऱ्याला त्याचे काहीच वाटणार नाही. पुण्यात रियाज करणारे पुष्कळ आहेत आणि त्यांचा या संदर्भातला प्रश्न वेगळा असतो, म्हणून लिहितो. तानपुऱ्याचे ॲप फोनवर लावून त्याचा आवाज मोठ्या स्पीकरवर घेणे या पद्धतीने उत्तम साधते. तानपुरा अखंड चालू असतो, तो पाव सेकंद उशिरा आला तरी स्वर तोच. तबला शिकणाऱ्याने लेहरा, म्हणजे तालाच्या आवर्तनात पुन्हा पुन्हा वाजणारी धून, लावला तरी अडचण नाही, कारण लेहरा त्याच्या हाताला उत्तर देत नसतो; तोच लेहऱ्याला धरून वाजवतो. फोनच्या पडद्यावरच्या हार्मोनियमवर बोटे ठेवून तो आवाज रिसीव्हरवरून ऐकणे मात्र अशक्य आहे. बोट आणि स्वर यांची सांगड तुटते. त्यासाठी तारच लावावी. फोनवर चित्रफीत पाहताना बरीच ॲप हा उशीर ओळखून चित्र थांबवून धरतात, म्हणून ओठ आणि शब्द जुळतात. टीव्हीचा आवाज ब्लूटूथने ॲम्प्लिफायरला दिला तर तसे होईलच याची खात्री नसते. टीव्हीसाठी ऑप्टिकल किंवा साधी तार अधिक चांगली.

वाय-फायवरून संगीत पाठवणारी उपकरणे याहून सरस असतात, हे मान्य करायला हवे. त्यांत गाणे फोनवरून दुसऱ्यांदा दाबून पाठवावे लागत नाही, उपकरण ते थेट इंटरनेटवरून घेते आणि फोन घराबाहेर गेला तरी गाणे चालू राहते. याच कामासाठी गुगलने काढलेली लहानशी गोल डबी, क्रोमकास्ट ऑडिओ, अनेकांना आवडत होती. तिचे उत्पादन २०१९ च्या जानेवारीत थांबले आणि तेव्हापासून तेवढ्या साधेपणाची, तेवढ्या किमतीची वस्तू माझ्या पाहण्यात आलेली नाही. शिवाय वाय-फायची उपकरणे ठरावीक ॲपशीच नीट बोलतात. ब्लूटूथला फोनवर काय वाजते आहे याच्याशी कर्तव्य नसते. प्रसार भारतीच्या न्यूजऑनएअर ॲपवर आकाशवाणीच्या वाहिन्या ऐकता येतात, आणि २०१६ च्या २६ जानेवारीला सुरू झालेली 'रागम' ही चोवीस तास शास्त्रीय संगीत देणारी वाहिनीही त्यात आहे. २ ऑक्टोबर १९५३ ला सुरू झालेल्या आकाशवाणी पुणे केंद्राचे कार्यक्रम ज्यांनी मध्यम लहरींच्या खरखरीतून वर्षानुवर्षे ऐकले, त्यांनी 'रागम'वरची सकाळची सभा रिसीव्हरमार्फत आपल्याच जुन्या स्पीकरवर एकदा लावून पाहावी. या उपकरणाने मला दिलेला सर्वांत मोठा आनंद हाच आहे.

खरेदी करताना तपकीर गल्लीत जाणार असाल तर आपला फोन पूर्ण चार्ज करून, एखादे हळुवार आलापाचे ध्वनिमुद्रण फोनमध्येच साठवून आणि स्वतःचा तारेचा हेडफोन घेऊन जावे. रिसीव्हरच्या ३.५ मिलिमीटर सॉकेटला हेडफोन लावून दुकानातच ते ध्वनिमुद्रण लावावे, मग मध्येच थांबवावे आणि थांबल्यावर काय ऐकू येते तिकडे लक्ष द्यावे. गल्लीतल्या गोंगाटातही खरखर कानाला जाणवली, तर घरी ती नक्कीच जाणवेल. बंद होताना 'टक्' आवाज येतो का, पुन्हा सुरू केल्यावर पहिला झंकार पूर्ण येतो का, घोषणा किती मोठ्याने होते, आणि दुकानदाराचा फोन तुमचा जोडलेला नसताना बटण न दाबता जोडला जातो का, हेही तिथेच पाहता येते. बहुतेक दुकानदार एवढी तपासणी करू देतात. जो करू देणार नाही त्याच्याकडून घेऊ नये. पक्के बिल मागावे आणि त्यावर मॉडेल क्रमांक लिहून घ्यावा, कारण एकसारख्या दिसणाऱ्या डब्यांमध्ये आतली सर्किटची पाटी वेगळी असू शकते, आणि वॉरंटीत बदलून मिळणारी वस्तू तीच आहे याची खात्री त्या क्रमांकावरूनच करता येते.